डोंगरवाटा आणि बायका : स्कॉटलंडच्या खोऱ्यांतून

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून)

कार्यक्रमपत्रिकेवर 'स्कॉटलंडच्या डोंगरवाटा' हा विषय वाचून तुमच्यापैकी काहीजणींना नक्कीच प्रश्न पडला असेल. सकाळी आपण पोटगीच्या दाव्यांबद्दल बोललो. दुपारनंतर सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्याबद्दल बोलायचं आहे. मग मधेच ही परदेशातली सहल कशाला? तर ही सहल नाही. जमीन, वाट आणि बाई या तीन गोष्टींचाच हा विषय आहे. फक्त जागा दूरची आहे.

आपण बायका आयुष्यभर चालतो. पाण्याला, सरपणाला, दळणाला, बाजाराला, पोराला शाळेत सोडायला. पण त्या प्रत्येक चालण्याला एक कारण लागतं, आणि ते कारण दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाचं असावं लागतं. मी स्कॉटलंडला डोंगरात चालायला जाते म्हटल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, 'तिकडे काय काम आहे?' काम काही नव्हतं. तिथे पोचल्यावर मुक्कामाच्या ठिकाणी विचारलं गेलं, 'एकट्याच?' दोन्ही प्रश्न प्रेमानेच विचारलेले होते. पण माझ्या वयाच्या पुरुषाला यातला एकही प्रश्न कुणी विचारला नसता.

आधी तो मुलुख कसा आहे ते सांगते. स्कॉटलंडच्या उत्तर आणि पश्चिम भागाला हायलंड्स म्हणतात. दोन डोंगररांगांमधल्या लांबट खोऱ्याला तिथे 'ग्लेन' म्हणतात. उघड्या, झाडं नसलेल्या, ओलसर माळाला 'मूर' म्हणतात. मूरवर हेदर नावाचं खुरटं झुडूप पसरलेलं असतं आणि खाली पीटचा थर असतो. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्यात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी माती. ती कापून, वाळवून चुलीत जाळतात. बेन नेव्हिस हा ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर इथेच आहे, उंची १३४५ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा तो कमीच, पण वारा, पाऊस आणि धुकं असं की तासाभरात ऋतू बदलतो.

या मुलुखात पायी चालण्यासाठी आखलेले अनेक मार्ग आहेत. त्यातला 'वेस्ट हायलंड वे' हा स्कॉटलंडचा पहिला अधिकृत लांब पल्ल्याचा मार्ग १९८० साली सुरू झाला. ग्लासगो शहराजवळच्या मिल्गाय गावापासून फोर्ट विल्यमपर्यंत तो सुमारे १५४ किलोमीटर जातो. लॉख लोमंड या मोठ्या सरोवराच्या पूर्व काठाने, मग रॅनॉख मूरच्या कडेने, ग्लेन कोच्या तोंडाशी आणि तिथून 'डेव्हिल्स स्टेअरकेस' नावाच्या चढावरून. लोक तो साधारण आठवड्याभरात पुरा करतात. मी त्यातले चार दिवस चालले.

या वाटा आयत्या मिळालेल्या नाहीत. काही अठराव्या शतकात सैन्याने बांधल्या, बंडखोर हायलंडर लोकांना काबूत ठेवण्यासाठी. डेव्हिल्स स्टेअरकेस ही त्यातलीच. काही वाटा गुराख्यांच्या. हजारो गुरं हाकत ते क्रीफ आणि फॉलकर्कच्या बाजारांना नेत. मार्गावरच्या माहितीफलकांवर हे दोघेही भेटतात, सैनिक आणि गुराखी. तिसऱ्या एका वाटेबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. ती बायकांची वाट.

हायलंड्समधली जुनी शेती अशी होती. खाली खोऱ्यात घरं आणि ओट-बार्लीची वावरं. उन्हाळा लागला की गुरं वरच्या कुरणांवर न्यायची, म्हणजे खालची पिकं सुरक्षित राहतात. वर दगड आणि हरळीच्या ढेकळांच्या लहान झोपड्या असत. त्यांना इंग्रजीत 'शीलिंग' म्हणतात. तिथे राहायला जात त्या प्रामुख्याने बायका, तरुण मुली आणि पोरं. काही आठवडे गुरं राखायची, धारा काढायच्या, लोणी आणि चीज करून साठवायचं, लोकर कातायची. खंडाचा आणि हिवाळ्याच्या पोटाचा मोठा भाग या बायकांच्या हातून तयार होई. आज डोंगर चढताना मधेच गवताचा एखादा जास्त हिरवा तुकडा दिसतो आणि त्यात दगडांचं ओबडधोबड कडं दिसतं. ती शीलिंगची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेणखतामुळे गवत अजून हिरवं आहे.

पीट वाहून आणण्याचं कामही मुख्यत्वे बायकांचं होतं. पाठीवर वेताची मोठी टोपली, त्यात पीटच्या विटा, आणि चालता चालता हातात विणकाम. असे फोटो जुन्या संग्रहांत पुष्कळ आहेत. शहरातले पाहुणे त्याकडे कौतुकाने बघत. मला ते बघताना वाटलं की या बाईला नुसतं चालण्याचीसुद्धा सवड नव्हती. ओझं पाठीवर असतानाही हात रिकामे राहू द्यायचे नव्हते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आज या खोऱ्यांतून चालताना मैलोन्‌मैल एकही घर दिसत नाही. पर्यटनाची पत्रकं याला 'अस्पर्श निसर्ग' म्हणतात. मैत्रिणींनो, ही खोरी मुळात रिकामी नव्हती. ती रिकामी केली गेली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची जवळजवळ शंभर वर्षं जमीनमालकांनी कुळांना हुसकावून लावलं, कारण माणसांपेक्षा मेंढ्यांपासून जास्त उत्पन्न मिळत होतं. या काळाला तिथे 'क्लिअरन्सेस' म्हणतात. शेत साफ करावं तशी माणसं साफ केली.

उत्तरेकडच्या सदरलंड परगण्यात स्ट्रॅथनेव्हर नावाचं खोरं आहे. १८१४ आणि १८१९ साली तिथली गावंच्या गावं उठवली. लोकांनी परत येऊ नये म्हणून छपरांच्या तुळया जाळल्या. त्या मुलुखात झाडं कमी, त्यामुळे घराची तुळई ही कुटुंबाची मोठी मालमत्ता. जून १८१४ मध्ये बॅडिनलॉस्किन इथे विल्यम चिझमच्या घराला आग लावली, तेव्हा त्याची शंभरीला टेकलेली सासू मार्गारेट मॅके आत अंथरुणावर होती. तिला बाहेर काढलं, पण पाच दिवसांनी ती वारली. जमीनदारीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ साली इन्व्हर्नेसला खटला झाला. तो निर्दोष सुटला, आणि ज्या खोऱ्यातून माणसं काढली तिथेच तो मेंढ्यांचा मोठा शेतकरी झाला. त्या खोऱ्यात आज पायवाट आहे. रोझल नावाच्या उठवलेल्या गावाच्या भिंतींचे पाये तिथे बघता येतात.

आणि या जमिनीची मालकीण कोण होती? एलिझाबेथ, सदरलंडची काउंटेस. जमीन नवऱ्याची नव्हती, तिची स्वतःची, वारसाहक्काने लहानपणीच आलेली. किनाऱ्यावरच्या बेटीहिल गावाला तिचंच नाव आहे. तिथे आणि आसपास हुसकावलेल्या लोकांना तुकडे तुकडे खडकाळ जमीन दिली गेली. बाईच्या नावावर जमीन असावी ही आपली मागणी बरोबरच आहे. पण मार्गारेट मॅके आणि काउंटेस एलिझाबेथ या दोघी बायका होत्या एवढ्यावरून त्या एका बाजूच्या होत नाहीत.

याच घराण्याची पुढची एक गोष्ट चळवळीतल्या प्रत्येकीने लक्षात ठेवावी अशी आहे. 'अंकल टॉम्स केबिन' लिहिणारी हॅरिएट बीचर स्टो १८५३ साली ब्रिटनला गेली. त्या वेळची सदरलंडची डचेस गुलामगिरीविरुद्धच्या कामात पुढे होती. तिने स्टोबाईंचं मोठं स्वागत केलं. परतल्यावर स्टोबाईंनी १८५४ साली प्रवासवर्णन लिहिलं, त्यात सदरलंडमधल्या या 'सुधारणां'चं समर्थन केलं. ज्यांची घरं जळली त्यांच्यापैकीच डॉनल्ड मॅक्लिऑड नावाच्या गवंड्याने त्याला पुस्तक लिहून उत्तर दिलं. लांबचा अन्याय स्पष्ट दिसतो, पण यजमानीणबाईंच्या दिवाणखान्यात बसून तिच्या कुळांचे हाल दिसत नाहीत. आपणही देणग्या घेतो, पाहुणचार घेतो. तेव्हा याचा विचार आपण करायला हवा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं तिकडचं. पण याचे दोन धागे सरळ आपल्याकडे येतात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातल्या असईला मराठ्यांविरुद्ध इंग्रजांची जी लढाई झाली, तिच्यात ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलंडर पलटणी होत्या. मुलगा पलटणीत दिला तर जमीन कायम राहील, अशी आश्वासनं हायलंड्समध्ये अनेक ठिकाणी दिली जात. पुढे कित्येक ठिकाणी जमीन राहिली नाही. दुसरा धागा अफूचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारातली मोठी पेढी म्हणजे जार्डिन मॅथेसन. तिचा एक भागीदार जेम्स मॅथेसन हा सदरलंडमध्येच जन्मलेला. त्याने १८४४ साली लुईस हे अख्खं बेट विकत घेतलं. १८५१ पासूनच्या काही वर्षांत तिथल्या दोन हजारांहून जास्त माणसांना जहाजात घालून कॅनडाला पाठवलं. आपल्याकडच्या शेतातून निघालेला पैसा तिकडच्या कुळांच्या जमिनीचा मालक झाला होता.

लोकांनी हे मुकाट्याने सोसलं का? नाही. आणि प्रतिकारात पुढच्या रांगेत वारंवार बायका होत्या. ३१ मार्च १८५४ रोजी रॉसशायरमधल्या ग्रीनयार्ड्स इथे नोटिसा बजावायला शेरीफ पोलीस घेऊन आला. रस्त्यात बायका डोक्यावर शाली घेऊन उभ्या होत्या. पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या. कित्येकींची डोकी फुटली. ग्लासगोचे वकील डॉनल्ड रॉस यांनी जखमींची हकीगत नावांसह छापली, म्हणून ती आज आपल्याला माहीत आहे. पुढे खटला झाला तो मार खाणाऱ्यांवर.

बायका पुढे का होत्या? अभ्यासक वेगवेगळी कारणं देतात. पुरुष सैन्यात किंवा मासेमारीला, मजुरीला दूर गेलेले असत. बायकांना कायदा कमी कडक शिक्षा करील अशीही समजूत होती. काही वेळा पुरुषच बायकांचे कपडे घालून गर्दीत मिसळत. ही कारणं खरी असतील. पण मला आणखी एक वाटतं. घर, चूल, गुरं, पीटचा ढीग, वरचं कुरण या सगळ्याशी रोजचा संबंध बाईचा होता. खंडाच्या वहीत नाव नवऱ्याचं असेल, पण घर जाताना काय काय जातं याचा हिशेब तिलाच पुरता ठाऊक होता.

१८८२ च्या एप्रिलमध्ये स्काय बेटावरच्या ब्रेज इथे कुळांनी आपलं चराऊ रान परत मागितलं आणि खंड थांबवला. ग्लासगोहून सुमारे पन्नास पोलीस आणावे लागले. परतताना डोंगराच्या अरुंद वाटेवर त्यांच्यावर दगडांचा मारा झाला. त्यात बायका आघाडीवर होत्या, आणि जखमीही झाल्या. पुढच्या वर्षी सरकारने चौकशी आयोग नेमला. १८८६ साली कायदा झाला आणि लहान कुळांना जमिनीवरून मनमानीने काढता येणार नाही अशी हमी मिळाली. आयोगापुढे साक्षी दिल्या त्या मात्र बहुतेक सगळ्या पुरुषांनी. दगड झेलायला आणि मारायला बाई चालते, साक्षीला तिची आठवण होत नाही. हे आपल्या ओळखीचं आहे.

याच चळवळीची कवयित्री मेरी मॅक्फर्सन. १८२१ साली स्कायमध्ये जन्मलेली, इन्व्हर्नेसच्या एका चांभाराची विधवा. पन्नाशीला आली असताना, १८७२ साली, जिथे कामाला होती तिथले कपडे चोरल्याच्या आरोपावरून तिला तुरुंगवास झाला. आपण निर्दोष असल्याचं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. त्या अपमानातून तिची गाणी सुरू झाली. नंतर ती ग्लासगोला परिचारिकेचं काम शिकली आणि कुळांच्या सभांमधून गेलिक भाषेत गाऊ लागली. लोक तिला 'गाण्यांची थोरली मेरी' म्हणत. १८९८ साली ती वारली.

मेंढ्यांच्या मागून हरणं आली. श्रीमंतांच्या शिकारीसाठी डोंगरच्या डोंगर राखून ठेवले गेले आणि चालणाऱ्यांना अडवलं जाऊ लागलं. १८८४ साली जेम्स ब्राइस या खासदाराने डोंगरात फिरण्याचा हक्क मागणारं विधेयक मांडलं. ते बारगळलं.

त्याच सुमारास शहरी सुशिक्षित पुरुषांत गिर्यारोहणाची आवड वाढली. १८८९ साली स्कॉटिश माउंटनियरिंग क्लब निघाला. त्यात बायकांना प्रवेश नव्हता. तेव्हा १९०८ साली जेन इंग्लिस क्लार्क, तिची मुलगी मेबल आणि लुसी स्मिथ यांनी बायकांचा स्वतंत्र क्लब काढला, 'लेडीज स्कॉटिश क्लाइंबिंग क्लब'. तो अजून चालू आहे. त्या काळच्या या बायका गावातून निघताना लांब झगा घालून निघत. गाव दिसेनासं झालं की झगा काढून दगडाखाली ठेवत, आतल्या आखूड विजारीत डोंगर चढत, आणि परतताना पुन्हा झगा चढवत. पुरुषांच्या क्लबने बायकांना सभासद करून घेतलं ते १९९० साली. म्हणजे ८२ वर्षांनी.

अर्थात या साऱ्याजणी सुखवस्तू घरांतल्या होत्या. पीटची टोपली घेऊन त्याच डोंगरात फिरणाऱ्या बायकांना कुणी गिर्यारोहक म्हटलं नाही. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवू या.

स्कॉटलंडमध्ये ३००० फुटांवरच्या डोंगरांना 'मन्रो' म्हणतात. आज ते २८२ आहेत. सगळे चढून जाणारांची यादी ठेवली जाते. त्यात पहिल्या बाईची नोंद १९४७ सालची आहे, आणि ती 'मिसेस जे. हर्स्ट' अशी आहे. जे. म्हणजे जॉन, तिचा नवरा. एवढे डोंगर चढली, पण यादीत स्वतःच्या नावाने चढली नाही.

आणि एक बाई सांगायलाच हवी. नॅन शेफर्ड, १८९३ ते १९८१. ॲबर्डीनजवळ राहायची, शिक्षिका होणाऱ्या मुलींना शिकवायची, आणि सवड मिळेल तेव्हा केर्नगॉर्म डोंगरांत चालायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिने या डोंगरांवर 'द लिव्हिंग माउंटन' हे छोटं पुस्तक लिहिलं. ते तीसेक वर्षं खणात पडून राहिलं आणि १९७७ साली छापलं गेलं. २०१६ पासून रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर तिचं चित्र आहे. पुरुषांची डोंगरावरची पुस्तकं बहुधा शिखर सर करण्याची असतात. तिला शिखराची घाई नाही. ती डोंगराच्या आत जाते, ओढ्यात उतरते, उघड्यावर झोपते, पायाखालची माती आणि पाणी बघते. कुणासाठीही नसलेलं, नुसतं स्वतःच्या आनंदाचं चालणं बाईला मिळालं तर तिला काय काय दिसतं, ते या पुस्तकात आहे.

ब्राइसचं विधेयक बारगळल्यानंतर जवळजवळ १२० वर्षांनी, २००३ साली, स्कॉटलंडच्या संसदेने जमीनसुधारणा कायदा केला. २००५ पासून तो हक्क अमलात आहे. जमीन कुणाच्याही मालकीची असो, कुणालाही तिच्यावरून पायी, सायकलने किंवा घोड्यावरून जाता येतं, तंबू ठोकून रात्र काढता येते. घरं आणि त्यांची अंगणं, उभी पिकं अशा जागा वगळल्या आहेत. अट एवढीच की जबाबदारीने वागायचं : नासधूस नाही, कचरा नाही, जनावरांना त्रास नाही. 'तू इथे कशाला आलीस?' याचं उत्तर द्यायला कायद्याने कुणी बांधील नाही. मला या कायद्यातली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली.

पण एवढ्याने सगळं मिळालं असं नाही. चालण्याचा हक्क मिळाला, मालकी मात्र अजून मूठभरांकडे आहे. खाजगी ग्रामीण जमिनीपैकी निम्मी जमीन पाचशेपेक्षाही कमी मालकांकडे असल्याचं तिथले अभ्यासक सांगतात. एग बेटासारख्या काही ठिकाणी रहिवाशांनी एकत्र येऊन जमीन विकत घेतली, एगने १९९७ साली. असे प्रयत्न वाढताहेत. आणि बाईच्या बाबतीत कायद्याच्या पलीकडेही अडचणी आहेत. डोंगरात 'बॉथी' नावाची साधी आसरे आहेत, कुलूप नसलेली, फुकट, कुणीही रात्र काढावी अशी. १९६५ साली स्थापन झालेली स्वयंसेवकांची एक संघटना अशी शंभराच्या आसपास बॉथी सांभाळते. व्यवस्था फार चांगली आहे. पण संध्याकाळी एकटी बाई दार उघडते आणि आत चार अनोळखी पुरुष बसलेले असतात, तेव्हा ती दारात थांबून जो विचार करते तो पुरुषाला करावा लागत नाही. मला भेटलेल्या तिथल्या बायकाही हेच म्हणाल्या. मुलांना कुणी सांभाळायचं, रजा कशी मिळायची, हेही प्रश्न त्यांनी सांगितले. म्हणून तिथेही बायका गट करून निघतात, नवख्या बाईला नकाशा आणि होकायंत्र वाचायला शिकवतात. नकाशा हातात असला की वाट विचारण्यासाठी कुणावर अवलंबून राहावं लागत नाही.

मी हा विषय का घेतला ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. दुपारनंतर सातबाऱ्याबद्दल बोलताना स्ट्रॅथनेव्हरची आठवण ठेवा. कागदावर नाव असणं किती महत्त्वाचं, आणि नुसतं नाव असून कसं भागत नाही, हे दोन्ही त्या खोऱ्याने दाखवलं आहे. आणि आपापल्या गावी परत गेलात की एक काम करा. तुमच्या भागातल्या जुन्या पायवाटा कुठल्या, त्या कुणाच्या पायांनी पडल्या, आज त्या कुणी अडवल्या, हे म्हाताऱ्या बायकांना विचारून लिहून काढा. पुढच्या वर्गात ते वाचू. आणि जमलं तर गटातल्या सगळ्याजणी मिळून एक दिवस काही काम न काढता त्या वाटेने चालून या. घरी 'काय काम आहे?' असं विचारतीलच. तेव्हा काय उत्तर द्यायचं, त्यावर आता चर्चा करू या.